‘मला वाटतं’नंतरचे दोन सेकंद

कायदेमंडळाच्या कामकाजाच्या चित्रफिती बघायची मला सवय आहे. व्यसनच म्हणा हवं तर. भाषणांसाठी नाही बघत. भाषणांमध्ये कोण काय बोलणार हे निम्मं आधीच ठाऊक असतं. मला आवडतो तो भाषणं संपल्यानंतरचा तुकडा. मंत्री उत्तर देऊन खाली बसतात. पीठासीन अधिकारी एका दमात, बहुतेकदा कागदावरची नजरही न उचलता, प्रस्ताव वाचतात. ‘जे अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.’ एका बाजूने आवाजाची लाट येते. ‘जे प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं.’ दुसरीकडून दुसरी लाट. ‘मला वाटतं, होयचं बहुमत आहे.’ आणि पाठोपाठ, ‘होयचं बहुमत आहे, होयचं बहुमत आहे. प्रस्ताव संमत झाला.’ दहा सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात कायद्यातलं एखादं कलम कायमचं ठरून गेलेलं असतं.

एका रात्री मी डोळे मिटून हे ऐकायचं ठरवलं. कानात हेडफोन घातले, एकामागून एक दहा ठराव लावले आणि प्रत्येक वेळी निकाल कानावर पडायच्या आत थांबवून कागदावर लिहिलं: कोणाचा आवाज मोठा? दहापैकी तीन वेळा मला ‘नाही’ मोठं वाटलं. निकाल दहाही वेळा ‘होय’चा होता.

मी क्षणभर रागावलेच. मग लक्षात आलं की आपण ऐकतोय ते त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ऐकू येत नसणार. सभागृहात माइक चालू असतो तो बोलणाऱ्याचा आणि पीठासीन अधिकाऱ्यांचा. बाकीच्यांचं ‘होय’ आणि ‘नाही’ जवळच्या एखाद्या उघड्या माइकमध्ये जेवढं शिरेल तेवढंच आपल्यापर्यंत येतं. पुढच्या बाकावरचे दोघे ‘नाही’ म्हणून ओरडले तर घरी बसून मला वाटणार, सगळं सभागृह विरोधात आहे. म्हणजे माझ्या कागदाला काडीची किंमत नव्हती. पण मग जो खुर्चीत बसलाय त्याच्या कानांवर तरी किती भिस्त ठेवायची?

आवाजाचा हिशोब साध्या बेरजेचा नसतो. तोंडं दुप्पट झाली की आवाज तीन डेसिबलने चढतो, आणि कानाला तो दुप्पट मुळीच वाटत नाही. दुप्पट वाटायला साधारण दसपट तोंडं लागतात. एका डेसिबलहून कमी फरक तर सहसा आपल्याला कळतही नाही. आता पाचशे माणसं सभागृहात आहेत आणि सगळी अगदी सारख्याच जोराने ओरडतात असं धरलं, तरी दोन बाजूंत एका डेसिबलचा फरक पडायला २७९ विरुद्ध २२१ इतकी तफावत लागते. १७ एप्रिल १९९९ला लोकसभेत वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने पडला. तेव्हा मतं मोजली गेली म्हणून ते एक मत दिसलं. तोच निर्णय नुसत्या कानांवर सोडला असता तर दोन आवाजांतला फरक एका डेसिबलच्या साठाव्या हिश्शाइतका होता. कोणी नुसता घसा खाकरला असता तरी सरकार तरलं असतं.

आणि माणसं सारख्या जोराने ओरडत नाहीत, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवेत? तरी काही अमेरिकी ध्वनी-अभ्यासकांनी हे रीतसर तपासून पाहिलं. हळू बोलणाऱ्यांमुळे गटाच्या एकूण आवाजात फारसा फरक पडत नाही, पण मोठ्या गळ्याचे मोजकेच लोक निकाल पार फिरवू शकतात, असं त्यांना आढळलं. साधं बहुमत तर सोडाच, दोन-तृतीयांश बहुमतही कानाने ठरवणं अवघड, असा त्यांचा निष्कर्ष. हे वाचल्यावर मला शाळेतला आमचा वर्ग आठवला. परीक्षा पुढे ढकलायची का, असं सरांनी विचारलं की ‘हो’ म्हणणारे सात-आठच असायचे, पण ते शेवटच्या बाकावरचे असायचे.

ही शंका आजची नाही. प्राचीन ग्रीसमध्ये स्पार्टाचे लोक ज्येष्ठांच्या मंडळातला माणूस आरोळ्यांनी निवडत. पद्धत मोठी मजेदार होती. सभेच्या जागेजवळच्या एका घरात काही परीक्षकांना बसवत. त्यांना बाहेरचं काही दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. उमेदवार चिठ्ठ्यांनी ठरलेल्या क्रमाने, एक शब्दही न बोलता सभेतून चालत जायचे आणि ज्याला त्याला लोक ओरडून दाद द्यायचे. आतले परीक्षक लिहून ठेवायचे: पहिल्याला एवढा आवाज, दुसऱ्याला तेवढा. कोणता आवाज कोणासाठी होता हे त्यांना माहीत नसायचं. ॲरिस्टॉटलने या निवडीला पोरकट म्हटलंय. मला मात्र त्या बंद खोलीचं कौतुक वाटतं. ऐकणाऱ्याला उमेदवार कोण हे कळता कामा नये, एवढं तरी त्यांनी ओळखलं होतं. आजच्या सभागृहांत आवाज ऐकून निकाल देणारा माणूस बहुधा स्वतःच त्यातल्या एका बाजूने निवडून आलेला असतो.

स्पार्टाचीच दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. इसवी सनपूर्व ४३२. अथेन्सने तह मोडला का, म्हणजे पर्यायाने युद्ध करायचं का, हा प्रश्न सभेपुढे होता. स्थेनेलाइदास नावाचा अधिकारी सभा चालवत होता. आरोळ्या झाल्या आणि तो म्हणाला, कोणाचा आवाज मोठा ते मला कळत नाही. मग त्याने दोन जागा दाखवल्या: तह मोडला असं ज्यांना वाटतं त्यांनी इकडे उभं राहा, ज्यांना वाटत नाही त्यांनी तिकडे. युद्धाच्या बाजूला फार मोठी गर्दी झाली. ही हकिकत लिहून ठेवणारा इतिहासकार थ्युसिडिडीज सुचवतो की त्याला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. माणसाला सगळ्यांदेखत उठून एका बाजूला जावं लागलं की तो युद्धाला जास्त जोमाने हो म्हणेल, हा स्थेनेलाइदासचा होरा. गर्दीत मिसळलेलं ‘नाही’ आणि चार लोकांसमोर चालत जाऊन उभं राहिलेलं ‘नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढचं युद्ध सत्तावीस वर्षं चाललं.

आवाज, आणि आवाजाबद्दल शंका आली तर पायांनी बाजू घेणं, हा क्रम तिथून आजपर्यंत टिकलाय. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात आजही आधी ‘आय’ आणि ‘नो’चा गजर होतो, कोणी हरकत घेतली तर घंटा वाजतात, आठ मिनिटांत दारं बंद होतात आणि सदस्य दोन वेगवेगळ्या लॉब्यांमधून मोजून घेत चालत जातात. मोजणी जाहीर झाली की अध्यक्ष ‘अनलॉक’ म्हणून हुकूम देतात. (एक विषयांतर. मतमोजणी चालू असताना कोणाला हरकतीचा मुद्दा मांडायचा असेल तर तो बसून आणि डोक्यावर टोपी घालून मांडावा, असा तिथे १९९८पर्यंत नियम होता. टोप्या वापरातून गेल्यावर सभागृहात एक घडीची टोपी मुद्दाम ठेवलेली असायची. गंभीर माणसांनी ती गंभीरपणे डोक्यावर चढवून मुद्दे मांडलेत.) तिथला एक दंडक मला विशेष आवडतो: तोंडाने ‘हो’ म्हणून पायाने ‘नाही’च्या लॉबीत जायचं नाही. मत आवाजामागून गेलं पाहिजे.

भारतात लोकसभेची रीत नियम ३६७मध्ये आहे. कोरडा नियम, पण त्याची शब्दयोजना बघण्यासारखी आहे. अध्यक्षांनी आधी म्हणायचं, ‘मला वाटतं, होयचं बहुमत आहे.’ या मताला कोणी आव्हान दिलं नाही, तरच दोनदा म्हणायचं, ‘होयचं बहुमत आहे, होयचं बहुमत आहे.’ आव्हान दिलं तर लॉबी मोकळी करायचा आदेश द्यायचा, साडेतीन मिनिटं थांबून पुन्हा प्रश्न विचारायचा, पुन्हा मत सांगायचं, आणि त्यालाही आव्हान आलं तर मतं नोंदवायची: यंत्रावर, चिठ्ठ्यांवर किंवा लॉबीत जाऊन. चिठ्ठ्यांचे रंगही ठरलेले: होयला हिरवी, नाहीला लाल, तटस्थाला पिवळी.

मी कितीतरी दिवस या नियमातल्या ‘मला वाटतं’कडे शिष्टाचार म्हणून बघत होते. पत्राच्या शेवटी आपण ‘आपला नम्र’ लिहितो तसं काहीतरी. मग एकदा लख्खकन ध्यानात आलं की सगळा जीव तिथेच आहे. पहिलं वाक्य अंदाजाचं, दुसरं निकालाचं. आणि या दोहोंमध्ये एक फट सोडलेली आहे. ती फट कोणासाठी? ज्याला वाटतं की अध्यक्षांनी चुकीचं ऐकलं, त्याच्यासाठी. आवाज मोजता येत नाही हे नियम करणाऱ्यांना आपल्याइतकंच कळत होतं. त्यांनी कानांवर विश्वास टाकलाच नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच की, माझा हा अंदाज कोणाला अमान्य आहे का? सगळे गप्प राहिले तर दोनशे विरुद्ध शंभर होते की दोनशे विरुद्ध दीडशे, याच्याशी कोणाला कर्तव्य नाही.

म्हणून आवाजी मतदानात दोन आवाज असतात असं आपण धरून चालतो, ते अर्धवट आहे. होय, नाही, आणि तिसरा: ‘मतविभागणी!’, म्हणजे मतं मोजा. हा तिसरा आवाज मोठा असायची गरज नसते. तो नुसता असावा लागतो.

आणि तो फारसा उठत नाही म्हणून तर कामकाज चालतं. विधेयक मंजूर होताना त्याची कलमं सभागृहापुढे ठेवावी लागतात. ज्यांना दुरुस्त्या नाहीत ती बहुधा गठ्ठ्याने, ‘खंड २ ते १४ विधेयकाचा भाग व्हावेत’ अशी. समजा प्रत्येक कलमावर मतविभागणी मागितली. २०१३च्या कंपनी कायद्यात ४७० कलमं आहेत. प्रत्येकाला साडेतीन मिनिटं म्हणजे नुसत्या थांबण्यातच सत्तावीस तासांवर गेले, मतदानाचा वेळ वेगळा. जिथे सगळ्यांना माहीत आहे की संख्या कोणाकडे आहे तिथे आवाजी मतदान हा शहाणपणा आहे. घटनादुरुस्तीला मात्र विशेष बहुमत लागतं, तिथे मोजावंच लागतं. सप्टेंबर २०२३मध्ये महिला आरक्षणाच्या विधेयकाला लोकसभेत ४५४ मतं अनुकूल पडली, २ प्रतिकूल. आवाजी मतदानात ते दोन ‘नाही’ ऐकूच आले नसते.

तिसऱ्या आवाजाची किंमत प्रत्येक देशाने वेगळी लावलीय. अमेरिकेच्या संविधानात हजर सदस्यांपैकी एक-पंचमांशांनी मागितलं की नावानिशी मतं नोंदवावीच लागतात. कॅनडाच्या कॉमन्समध्ये पूर्वी पाच जण उठून उभे राहावे लागत. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीगृहात तर एका बाजूला चार किंवा त्याहून कमी माणसं निघाली की मोजणी पुढे नेतच नाहीत, त्यांची नावं तेवढी नोंदवतात आणि निकाल देतात. लोकसभेच्या नियमात आकडा नाही. पण एक मेख आहे: मागणी विनाकारण केलीय असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना जागेवर उभं करून डोकी मोजू शकतात, आणि तेव्हा नावं नोंदवली जात नाहीत.

आता ती फटच बुजवली तर?

२० सप्टेंबर २०२०. राज्यसभेत कृषी विधेयकं. विरोधक मतविभागणी मागत होते, उपसभापतींनी आवाजी मतदानाने विधेयकं संमत झाल्याचं जाहीर केलं. सदस्य आपापल्या जागेवर नव्हते, गोंधळ चालू होता, अशा स्थितीत मतविभागणी घेता येत नाही, ही एक बाजू. आम्ही जागेवरूनच मागत होतो, ही दुसरी. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले. त्यानंतर लोकांनी चित्रफितीचे तुकडे मिनिटा-सेकंदांनिशी पुढे-मागे करून पाहिले: कोण कुठे उभं होतं, कधी बोललं. मीही पाहिले. सरकारकडे त्या दिवशी संख्या होती का नव्हती, याचं ठाम उत्तर त्यातून मिळत नाही, आणि मिळणारही नाही, कारण मोजलंच गेलं नाही. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ला तेच कायदे मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांत आलं, तेही चर्चेविना, आवाजी मतदानानेच संमत झालं. आले आवाजाने, गेले आवाजाने. वर्षभर रस्त्यावर बसलेल्या माणसांच्या प्रश्नावर कोण सदस्य कोणत्या बाजूला होता याची वरिष्ठ सभागृहात नोंद नाही, ना येताना, ना जाताना.

महाराष्ट्र विधानसभेत १२ नोव्हेंबर २०१४ला हाच प्रसंग विश्वासदर्शक ठरावावर आला. २८८च्या सभागृहात सत्ताधारी पक्षाचे १२१ सदस्य, आणि ठराव आवाजी मतदानाने संमत. मतविभागणीची मागणी वेळेत आली का उशिरा, यावर दोन्हीकडून वाद झाला. वेळेत म्हणजे कधी? पुन्हा त्याच फटीत. ‘मला वाटतं’ आणि पुढचा विषय पुकारणं यांच्यामध्ये किती श्वास घ्यायचे हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. याउलट ३ जुलै २०२२ला त्याच सभागृहात अध्यक्षांच्या निवडणुकीत शिरगणती झाली. एकेक आमदार उठून आपलं नाव आणि क्रमांक सांगत होता, समोरून शेरे येत होते, तो मान खाली घालून किंवा ताठ ठेवून उभा होता. १६४ विरुद्ध १०७. कानाला हा फरक दोन डेसिबललाही पोचला नसता, पण त्या दिवशीचा एकेक चेहरा लोकांनी बघून ठेवला. गंमत म्हणजे अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाऐवजी उघडपणे व्हावी ही दुरुस्ती आदल्याच डिसेंबरात तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी केली होती. तिचा फायदा समोरच्यांच्या उमेदवाराला झाला.

पण तिसरा आवाज मागे घेणं हेही काही वेळा एक बोलणंच असतं. २६ जून २०२४ला लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी विरोधकांनी उमेदवार दिला, आणि तरीही निवड आवाजी मतदानाने झाली. सहमतीची भावना राहावी म्हणून आम्ही मतविभागणी मागितली नाही, असं काँग्रेसने सांगितलं. तृणमूलच्या खासदाराने सांगितलं की काही सदस्यांनी मागितली होती. एकाच बाकड्यांवर बसलेल्यांना एकाच क्षणी दोन वेगळ्या गोष्टी ऐकू आल्या! आपण दूर बसून काय बोलायचं?

आवाजी मतदानाबद्दल तक्रार करताना मी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरते. त्यात लपायला जागा असते, आणि लपणारे सगळेच लबाड नसतात. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणं म्हणजे सदस्यत्व धोक्यात घालणं. मोजणीत नाव उमटतं. आवाजात मात्र एखादा सदस्य पक्षाच्या ‘होय’च्या वेळी नुसते ओठ मिटून बसू शकतो, आणि ते त्याच्या शेजाऱ्याशिवाय कोणाला कळत नाही. मी चित्रफितींमध्ये असे ओठ शोधत असते. सापडतात कधीकधी. मागच्या ओळीत, कॅमेरा फिरताना, टेबलावरच्या कागदाची कड सारखी करत बसलेला एखादा माणूस. त्याच्या मनात विरोध असतो की झोप, हे कसं कळणार?

हे सगळं मी इतक्या अधिकारवाणीने लिहितेय, पण मी स्वतः एकदा त्या खुर्चीत बसलेय. कायदेमंडळ कुठलं, एका छोट्या वाचक-मंडळाची वार्षिक सभा होती. तीसेक माणसं. नेहमीचे अध्यक्ष आले नाहीत म्हणून मला बसवलं. वर्गणी वाढवायचा ठराव होता. चर्चा रेंगाळली होती, पंखे करकरत होते, आणि सभागृहाची वेळ संपत आल्याचं शिपाई दोनदा दारातून खुणावून गेला होता. मी ठराव वाचला आणि विचारलं, ‘मंजूर?’ पुढच्या दोन रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ आलं. मी म्हटलं, ‘मंजूर. पुढचा विषय.’ ‘नामंजूर?’ असं मी विचारलंच नाही. हे मला त्या वेळी जाणवलंही नाही.

सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळत असताना निवृत्त शिक्षिका असलेल्या एक ज्येष्ठ सभासद माझ्यापाशी आल्या. हातातली पिशवी त्यांनी खुर्चीवर ठेवली.

‘अगं, मी नाही म्हटलं होतं.’

‘अहो बाई, मला ऐकूच आलं नाही.’

‘दोनदा म्हटलं. तू खाली बघून टिकमार्क करत होतीस.’

मी दिलगिरी व्यक्त केली. आकडा बदलला नसता, असंही वर म्हणाले. ते म्हणायला नको होतं. बाई काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलली आणि निघाल्या. पुढच्या वर्षी त्यांनी वाढीव वर्गणी वेळेवर भरली, सभेला आल्या नाहीत.

ते इतिवृत्त परवा जुने कागद चाळताना हाती लागलं. ठराव क्रमांक ४, वर्गणीवाढीबाबत. सर्वानुमते मंजूर. खाली माझी सही आहे, जरा घाईत केलेली.